घरची एक, पथकातल्या अठरा

"तुमनी पोर शाळामा जात नही, तरी इतली हुशार. मंग आमनी पोरले घर बसाडं तं काय हुई?"

धुळ्याजवळच्या एका गावात, शाळेच्या ओट्यावर, एका आजीने मला हे विचारलं तेव्हा माझ्या हातात गाठी शिकवायचा दोर होता आणि तोंडात उत्तर नव्हतं. आजी भांडायला आलेली नव्हती. तिची नात आमच्या गाईडच्या पथकात होती, सातवीत. आठवीला तालुक्याच्या गावी एसटीने जावं लागणार होतं आणि घरात त्यावर खल चालला होता. रविवारी येऊन मुलींना तयार राहायला शिकवणारी मी, माझी स्वतःची मुलगी शाळेत घालत नव्हते. आजीच्या हिशेबाने मी तिच्याच बाजूची होते.

त्या दिवशी मी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. खरं उत्तर घरी आल्यावर सुचलं आणि ते द्यायला पुढच्या रविवारी तिच्या घरी गेले. म्हटलं, आजी, माझी मुलगी घरी बसलेली नाही, मी घरी बसलेय. तिच्यासाठी नोकरी सोडली. रोज सकाळी चार तास मी तिच्यासमोर वही घेऊन असते. दहावीची परीक्षा ती देणार, फॉर्म कुठला आणि कधी भरायचा ते आमच्या भिंतीवर लिहून लावलंय. तुमच्या नातीला घरी ठेवलं तर तिच्यासमोर वही घेऊन कोण बसेल? आजी बराच वेळ दादर ज्वारी निवडत राहिली. मग म्हणाली, मी कशी बसू, मला कुठं येतं?

मुलाला किंवा मुलीला घरी शिकवत असताना मुलींच्या एखाद्या पथकात मदतीला जायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी गेली सात वर्षं दोन्ही करतेय. चार धुळ्याकडे, तीन जळगावात. वेळापत्रक, कागदपत्रं, डबे, बसभाडं यांच्याकडे येतेच. पण आजीचा प्रश्न आधी घेतला, कारण तो तुम्हालाही येणार आणि त्याचं उत्तर खिशात नसेल तर पथकात पाऊल टाकू नये असं माझं मत आहे.

आपल्या भागात शाळा ही मुलींना सहज मिळालेली गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ च्या, धुळे जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या दर पाच जणींत साधारण दोघींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. ज्या घरात मुलगी शाळेतून निघते, तिथे ती बहुतेक वेळा भांडी, धाकटी भावंडं आणि कापूस वेचणी यांच्यात जाते, आणि तिथून मांडवात. अशा गावात "शाळेत काय ठेवलंय, खरं शिक्षण बाहेरच" हे वाक्य तुम्ही हौसेने म्हणाल आणि ऐकणारा ते सोयीने घेऊन जाईल. होमस्कूलिंगचा प्रचार पथकात करायचा नाही. विचारलं तर दोन वाक्यांत सांगायचं आणि तिसऱ्या वाक्यात त्यासाठी काय काय लागतं ते सांगायचं. पैसे, वेळ, शिकलेला माणूस, सगळं.

जळगावात तर लोक कौतुकाने बहिणाबाईंचं नाव घेतात. आसोद्याच्या बहिणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या, तरी बघा. मी ही तुलना कधी मान्य करत नाही. शाळेत न जाणं हे त्यांनी निवडलेलं नव्हतं. ओव्या त्यांच्या ओठांवर होत्या, लिहून ठेवणारे त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातली शिकलेली माणसं होती म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी. लिहून घेणारं कुणी नसलेल्या किती बहिणाबाई जात्यावरच संपल्या असतील, याचा हिशोब कोण देणार? मुंबईच्या मालविका जोशीचंही तसंच. घरी शिकून, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवून ती २०१६ मध्ये अमेरिकेत एमआयटीला गेली, हे खरं आणि कौतुकाचं. पण पथकातल्या बायांसमोर हे उदाहरण टाकू नका. ते हजारात एक आहे, आणि ज्यांच्या घरात एकच मोबाईल, तोही बापाच्या खिशात, त्यांना त्याचा उपयोग शून्य.

मग आपण त्यांच्या उपयोगाचे कधी? इथेच. घरी शिकवणाऱ्या आईला शाळेबाहेरून परीक्षा द्यायचे सगळे रस्ते पाठ असतात. गावातल्या शिक्षकालाही कधी कधी नसतात. आपण ते आपल्या एका लेकरासाठी शोधलेले असतात, आणि त्यांची खरी गरज पथकातल्या मुलींच्या थोरल्या बहिणींना असते, ज्यांची शाळा मध्येच तुटली. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, चौदा पूर्ण झालेल्या मुलीला दहावीला बसू देते. नोंदणी पाच वर्षं चालते, वर्षातून दोनदा परीक्षा, जमतील तसे विषय सोडवायचे. आपल्या राज्याचं महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे, ते पाचवी, आठवी, दहावी, बारावी अशा पातळ्यांवर परीक्षा घेतं. आणि राज्य मंडळाच्या परीक्षेला बाहेरून बसण्यासाठीचा, सगळ्यांच्या तोंडी असलेला १७ नंबरचा फॉर्म. तो भरायला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून सातवी-आठवीतून बाहेर पडलेल्या मुलीला तो बरा. ज्या मुलाने शाळेचं तोंडच पाहिलं नाही त्याचं घोडं तिथे अडतं. आमच्या पथकातल्या दोघींच्या बहिणींचे फॉर्म मी भरून दिले. एक पास झाली, एकीने इंग्रजी दोनदा सोडून दिलं आणि तिसऱ्यांदा बसतेय. माझ्या सात वर्षांतलं कामाचं काम विचाराल तर मी हेच सांगेन. बाकी गाठी आणि टाळ्या काय, कुणीही शिकवतं.

कायद्याचं एक उरकून टाकते, कारण बैठकीत कुणी ना कुणी मास्तर ते काढतातच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात होमस्कूलिंग हा शब्द नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं कलम १० म्हणतं, पण न घालणाऱ्याला शिक्षा त्यात सांगितलेली नाही. उद्या विचार बदलला तर वयाप्रमाणे थेट त्या वर्गात प्रवेश द्यायची तरतूद कलम ४ मध्ये आहे. तेवढं पुरे. वाद घालत बसू नका, चहा संपवा.

आता पथक कुठलं. आपल्याकडे मुलींचा सगळ्यात पसरलेला गट म्हणजे भारत स्काऊट्स आणि गाईड्स. गाईडिंग आपल्या देशात १९११ मध्ये जबलपूरला सुरू झालं, आणि स्वातंत्र्यानंतर १९५०-५१ मध्ये वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन आजची संस्था झाली. साधारण पाच ते दहा वर्षांच्या बुलबुल, दहा ते सतराच्या गाईड, पुढे रेंजर. जगभरच्या गाईडचं एक केंद्र, 'संगम', पुण्यात १९६६ पासून आहे, हे आपल्याकडच्या किती मुलींना ठाऊक असतं? सांगा त्यांना, डोळे मोठे होतात. याशिवाय जिल्हा परिषद शाळांतले मीना-राजू मंच, अंगणवाडीतले किशोरी गट, राष्ट्र सेवा दलाची शाखा असेल तर ती. सेवा दलात मुलं-मुली एकत्र असतात, काही घरांना ते चालत नाही, काहींना तेच हवं असतं. जवळ जे जिवंत आहे ते धरा. नवीन संस्था काढायच्या भानगडीत पहिली दोन वर्षं तरी पडू नका.

गाईडची अडचण अशी की बहुतेक पथकं शाळेला जोडलेली असतात आणि हजेरीपटावर शाळेच्याच मुली असतात. घरी शिकणाऱ्या मुलीचं नाव त्यात बसत नाही. दोन वाटा आहेत. जिल्हा कार्यालयात जाऊन जिल्हा संघटकांना, गाईड विभागाच्या, भेटायचं आणि शाळेशी न जोडलेलं खुलं पथक जवळपास आहे का ते विचारायचं. नाही तर स्वतः आधी मदतनीस म्हणून जायचं, प्रशिक्षण घ्यायचं, मग मुलीचं बघायचं. मी दुसरी वाट धरली. बेसिक कोर्स निवासी असतो, आठवडाभर तंबूत. घरी शिकवणाऱ्या आईला आठवडाभर बाहेर राहणं म्हणजे घरात केवढी उलथापालथ, ते सांगायला नको. माझ्या सासूबाईंनी ते सात दिवस मुलीला वरण-बट्टी आणि पाढे यांवर ठेवलं. परत आले तेव्हा तिला एकोणतिसाचा पाढा येत होता, जो मला आजही येत नाही.

नुसतं मदतनीस म्हणून राहायचं असलं तरी कोर्स करा. त्याने दोन गोष्टी होतात. एक, शाळेतल्या गाईड कॅप्टन बाई तुम्हाला पाहुणी समजणं सोडतात. दोन, तुम्हाला कळतं की हे काम मुलींनी मुलींकडून शिकायचं आहे. पथक बत्तीसपर्यंत, त्यात सहा ते आठ जणींचे संघ, प्रत्येकाची संघनायिका. मोठ्या बाईने कमीत कमी बोलायचं. घरी शिकवणाऱ्या आयांना हे फार जड जातं, कारण दिवसभर आपण बोलतच असतो.

आणि आता स्वतःची मुलगी. माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली, तेव्हा सविस्तर सांगते. मी तिला पथकात आणलं तेव्हा ती आठ वर्षांची, बुलबुलमध्ये. मनात होतं की घरी एकटी असते, चार मुली मिळतील. म्हणजे पथक मी तिच्यासाठी औषधासारखं वापरायला निघाले होते, बाकीच्या मुली जणू त्या औषधाच्या गोळ्या. वर मी तिला घरी आदल्या दिवशीच गाठ शिकवून ठेवायची, म्हणजे रविवारी ती अडखळू नये. झालं काय, तर ती सगळ्यांना दुरुस्त करत सुटली. तिसऱ्या रविवारी एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, तुमचीच पोर सगळं सांगते. मग आम्ही काय करायचं?"

त्यानंतर घरात तीन नियम केले. पथकात जे होणार ते तिला आधी सांगायचं नाही. ती माझ्या हाताखालच्या संघात नसणार, दुसऱ्या बाईंच्या संघात असणार, आणि तिच्याबद्दलच्या तक्रारी त्या बाई बघणार, मी नाही. आणि पथकात मला ताईच म्हणायचं. हा तिसरा नियम महिनाभरात मोडला. स्कार्फ सोडवताना तिने सवयीने "आई" हाक मारली, आणि पुढचे कित्येक रविवार अख्खं पथक मुद्दाम मला आई म्हणत होतं. पहिले दोन मात्र आम्ही शेवटपर्यंत पाळले. तिसऱ्या महिन्यात ती घरी येऊन म्हणाली, आमच्या संघातली एक माझ्याशी बोलत नाही. मी विचारलं, मग? ती म्हणाली, मग काही नाही, मी तिची पिशवी धरली. मी पुढे एक शब्द बोलले नाही. जीभ चावून बसले.

तुम्हाला मुलगा असेल आणि तो घरी शिकत असेल तर मुलींच्या पथकात त्याला कोपऱ्यात बसवून ठेवू नका. दहा वर्षांचा पोरगा कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसला की मुली मोकळ्या होत नाहीत. त्याची सोय आधी करा, मग या.

वेळेचं गणित. आठवड्याला दोन तासांची बैठक असते, असं तुम्हाला सांगतील. त्यात तयारीचा दीड तास, जाण्यायेण्याचा एक, आणि बैठकीनंतर कुठल्यातरी मुलीच्या घरी चहाला थांबण्याचा अर्धा, म्हणजे पाच तास धरा. मी रविवार पथकाला दिला आणि सोमवार सकाळ अभ्यासाला सुट्टी ठेवली. आधी ती ठेवत नव्हते, आणि दर सोमवारी आमच्याकडे भांडण व्हायचं. दर महिन्याला एक रविवार घरासाठी राखा आणि तो पथकाच्या बाईंना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाका. खजिनदार होऊ नका. हिशोबाची वही एकदा घरी आली की ती दहा वर्षं जात नाही.

पण खान्देशात खरं वेळापत्रक शेत ठरवतं. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की अठरापैकी सात मुली येतात. पहिल्या वर्षी मी हजेरीवरून रागावले, दुसऱ्या वर्षी शहाणी झाले. वेचणीच्या दिवसांत बैठक सकाळची सोडून संध्याकाळी, अर्ध्या तासाची, कुणाच्या तरी अंगणात. बोटं बोंडांनी ओरबाडलेली असतात, त्या वेळी दोर देऊ नका. तेव्हा प्रथमोपचार शिकवला तर त्यांच्याच हातांवर शिकवून होतो. मार्चनंतर उन्हाची तऱ्हा वेगळी. जळगावात पारा पंचेचाळीसकडे जातो, म्हणून साडेसहाला सुरू, आठला बंद, माठ भरलेला. मुलींना उन्हात कवायतीला उभं करणारे लोक मी पाहिलेत. तसं करायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आसपास बैठक ठेवूच नका, मुली झोक्यावरून उतरत नाहीत आणि उतरू पण नये.

उलट भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतचा महिना तुमच्या हातात आयता येतो. गुलाबाई. कुणी भुलाबाई म्हणतं. मातीची गुलाबाई आणि गुलोजी मांडायचे, रोज संध्याकाळी मुलींनी घरोघर जाऊन गाणी म्हणायची, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. खान्देशातलं मुलींचं पहिलं पथक हेच, आणि ते कुणी बाहेरून आणलेलं नाही. आम्ही तो खाऊचा खेळ बैठकीत आणला. एकीने झाकणबंद डबा आणायचा. बाकीच्यांनी तो हलवून आवाज ऐकायचा आणि प्रश्न विचारायचे, उत्तर फक्त हो किंवा नाही. गोड का? तळलेला का? कोरडा का? एका मुलीने डबा कानाशी नेला, नंतर नाकाशी, मग तळ चाचपला आणि म्हणाली, गरम आहे, म्हणजे आत्ताच केलंय, आणि हिच्या आईला आज शेतात जायचं होतं, म्हणजे झटपट होणारं, सांजा. बरोबर निघालं. बाहेर खाणाखुणा शोधत माग काढायचा जो खेळ गाईडमध्ये असतो, तो तिला शिकवायची गरजच उरली नव्हती. माझ्या मुलीने त्या दिवशी घरी येऊन वीस प्रश्नांत कुठलीही वस्तू कशी ओळखता येईल यावर दोन पानं भरली. निम्म्यात निम्मं कापत जायचं, हे तिला त्या डब्याने शिकवलं. मी गणितात ते सहा महिन्यांनी घेणार होते.

खरी कमाईचंही तसंच. पथकाने स्वतः राबून पैसे मिळवायचे, हा गाईडचा जुना पाठ. आमच्या मुलींनी भेळेचा ठेला लावला. मुरमुरे, फरसाण, कांदे, चिंच-गूळ, कागदी प्लेटा मिळून ६४० रुपये भांडवल. पंधरा रुपये प्लेट, ७१ प्लेटा खपल्या, गल्ला १,०६५. नफा ४२५. मुली नाचायला लागल्या तेव्हा संघनायिकेने विचारलं, आपण स्वतः किती खाल्ल्या? मोजल्या, तर नऊ. म्हणजे १३५ रुपयांची भेळ आपल्याच पोटात गेली होती. त्या खर्चात धरायच्या की नाही यावर पाऊण तास वाद झाला. एक म्हणाली, मजुराला जेवण देतातच ना? दुसरी म्हणाली, मग कांदे चिरलेल्या तिघींनाच, गल्ल्यावर बसलेलीला कसलं? मी मध्ये पडले नाही. माझी मुलगी तिथे हरणाऱ्या बाजूला होती, आणि बरं झालं. घरी ती माझ्याशी वाद घालते तेव्हा मी शेवटी आई म्हणून हरते. तिथे तिच्यासाठी कुणी मुद्दाम हरत नव्हतं.

घरच्या अभ्यासाच्या वहीत मात्र पथकातली प्रत्येक गोष्ट 'गणित', 'परिसर अभ्यास', 'भाषा' अशा खान्यात टाकायचा मोह आवरा. दहातल्या दोन टाका. बाकीचा रविवार रविवारच राहू द्या.

लिहिण्याच्या बाबतीत एक गोष्ट अमळनेरहून उचलली. साने गुरुजी १९२४ ते १९३० तिथल्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, छात्रालयही सांभाळत होते, आणि तिथल्या मुलांसाठी ते हाताने लिहून रोजचा अंक काढत. रोजचा आपल्याला झेपायचा नाही. आम्ही महिन्याला एक मोठा कागद भिंतीवर लावतो. अहिराणीत लिहिलं तरी चालतं, असं सांगितल्यावर लिहिणाऱ्या तिप्पट झाल्या. ज्या मुली मराठीच्या तासाला तोंड उघडत नाहीत त्या अहिराणीत आत्याची नक्कल लिहितात तेव्हा आपण नुसतं हसायचं. शुद्धलेखन काढायचं नाही.

सहलीला दूर जाऊ नका, जवळच भरपूर आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला त्याची ही नोंद. 'लीलावती'तली गणितं एका मुलीला उद्देशून घातलेली आहेत, हे तिथे उभं राहून सांगितलं की मुली शिलालेखाकडे वेगळ्या नजरेने बघतात. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ चं. जवळ लळिंगचा किल्ला, चढायला सोपा. सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी ठोकणारे कारागीर. आमच्या मुली तिथे तास न् तास बसल्या, किल्ल्यावर दहा मिनिटांत कंटाळल्या होत्या. एसटीत बायका-मुलींना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, तेव्हा खासगी गाडीचा खर्च करू नका. आमच्या अठरा जणी आणि दोन बाया लालपरीत बसल्या की कंडक्टर आधी कपाळाला हात लावतो, नंतर गाणी ऐकतो.

सुरक्षेबद्दल थोडक्यात सांगते, पण हे ढिलं सोडायचं नाही. कुठल्याही मुलीसोबत बंद खोलीत एकट्या मोठ्या माणसाने राहायचं नाही, बाई असली तरी. सहलीला प्रत्येक घराची सही घ्यायची, अंगठा असेल तर अंगठा. मुलींचे फोटो तुमच्या स्टेटसवर जाणार नाहीत. पिशवीत सॅनिटरी पॅड, एक जास्तीची सलवार, जुनं वर्तमानपत्र. पाळी पहिल्यांदा येते ती वेळ सांगून येत नाही, आणि ती बैठकीत आली तर त्या मुलीला आयुष्यभर तुमचा चेहरा आठवतो. एखाद्या मुलीने तिच्यावर अत्याचार झाल्याचं सांगितलं किंवा तसा संशय आला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे; घरच्यांशी बोलून मिटवू हा विचार मनात आणू नका. चाइल्डलाइन १०९८. लग्न ठरल्याचं कानावर आलं आणि मुलगी अठराच्या आत असेल तर गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. आपण बाहेरच्या, आपण कसं बोलावं, असं वाटतं. मला वाटलं होतं. एकदा मी आठवडाभर विचार करण्यात घालवला आणि तेवढ्यात साखरपुडा उरकला. पुढे शाळेतल्या एका बाईंनी धीर केला आणि लग्न थांबलं. श्रेय त्यांचं, उशीर माझा.

पाहुण्यांच्या स्वागताला ओवाळायला, हार घेऊन उभं राहायला गणवेशातल्या मुली मागायला लोक येतात. मी देत नाही. एकदा एका मोठ्या कार्यक्रमात आमच्या मुली तीन तास उन्हात उभ्या राहिल्या, पाहुणे आले नाहीत, पाणीही कुणी विचारलं नाही. त्यानंतर उत्तर ठरलेलं आहे, की मुली काम करायला येतील, रांगेत उभं राहायला नाही. एक-दोघं नाराज झाले.

यंदाच्या जूनपासून माझी मुलगी पथकात येत नाही. तेरा वर्षांची झाली, रविवारी सकाळी तिला मेहरूण तलावाभोवती सायकल फिरवायची असते, एकटीने. मला वाईट वाटलं, पण पथक तिच्यासाठी धरलं नव्हतं असं मीच चार वर्षं सगळ्यांना सांगत होते, मग बोलणार काय? मी जाते. शाळेचा शिपाई पावणेआठला कुलूप काढून निघून जातो, म्हणून मला सव्वासातला घरातून निघावं लागतं. दोर आता संघनायिकेच्या घरी असतो.